गिरड मोटरचा लाल दिवा

जाम
३ जून १९५७

चि. गुलाब यास प्रेमदासचा जयभीम.

इकडं सारं ठीक हाये. तुही बहीण मीरा बरी हाये. मीबी दोन महिन्याच्या तापातून उठून परत मोटरवर चढलो.

तुह्याकडं एक काम पडलं. आमच्या हिंगणघाट-गिरड सर्व्हिस मोटरमंधी कंडक्टरची घंटी दोरीची हाये. मांगच्या दारापासून दोरी येते आन् घंटी माह्या डोक्यावर. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. पण बाजाराच्या दिवशी कोंबड्या, बाया, पोट्टे असा कल्ला करतात का घंटी समजतच नाई. म्हणून म्हटलं, समोर बल्ब लावावा. केशव कंडक्टरनं मांगं बटण दाबलं का माह्यासमोर दिवा लागला पायजे. मालक वासुदेवरावले इचारलं, तो म्हणे लाव.

तू रेल्वेत सिग्नलचं काम करते, तुले हे डाव्या हाताचं काम. बॅटरी सहा व्होल्टची हाये. लवकर पाठवजो.

प्रेमदास

---

वर्धा
८ जून १९५७

आदरणीय भाऊजींस गुलाबचा सविनय जयभीम.

पत्र पावले. एक बटण, एक बल्ब, वीस हात वायर. यात माझ्यासारख्याची गरज काय? तुमच्या जामच्या चौकातला रूपराव मिस्त्रीही हे लावून देईल. तरी तुम्ही सांगितले म्हणून सामान आजच्या गाडीने पाठवतो आहे. लावायला अर्धा तास लागेल. घंटी काढू नका, तीही राहू द्या.

ताईला नमस्कार.

आपला,
गुलाब

---

जाम
१९ जून १९५७

चि. गुलाब,

सामान भेटलं. रूपरावनं लावलं. पण हे असं नाई चालत. केशव बटण दाबते तवा दिवा लागते, बोट उचललं का विझते. माही नजर तवा रस्त्यावर असते. समोर बैलबंडी असली, गाई असल्या, तर मी बल्बाकडं पाहत बसू का? दिवा लागला का लागलेलाच राह्यला पायजे. मी पाहीन, मंग माह्या हातानं विझवीन.

आन् दिवे दोन पायजेत. थांबाचा लाल, चलाचा हिरवा. लाल लागला का हिरवा आपसूक विझला पायजे.

एवढं करून दे.

प्रेमदास

---

वर्धा
३० जून १९५७

आदरणीय भाऊजींस जयभीम.

"एवढं करून दे" असे तुम्ही लिहिता, जणू कोथिंबिरीची जुडी मागितली!

बोट उचलल्यावरही दिवा लागून राहायचा, तर त्याला रिले लागतो. रिले म्हणजे लोखंडावर तार गुंडाळलेले वेटोळे. त्यात वीज गेली की ते लोहचुंबक होते, समोरची पत्ती ओढून घेते आणि त्या पत्तीने दुसरा रस्ता जोडला जातो. त्यातूनच वेटोळ्याला वीज मिळत राहिली की रिले स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. असे दोन रिले, आणि एकाने दुसऱ्याला सोडवायचे. आमच्या रेल्वेत हे माणसे दोन दोन वर्षे शिकतात.

भंगाराच्या लिलावातून चार कंडम रिले रीतसर पावती करून घेतले. ते होते जास्त व्होल्टचे. तुमच्या सहा व्होल्टवर पत्ती जागची हललीसुद्धा नाही. मग सगळी बारीक तार उलगडली आणि जाड तारेचे नवे वेटोळे हाताने भरले. तीन संध्याकाळी फक्त तार मोजत बसलो होतो. चाळीसाव्या फेऱ्याला शेजारचे बापूजी येऊन "काय करून राह्यला?" विचारत, की परत पहिल्यापासून!

पेटी पाठवतो आहे. आत नकाशा आहे, वायरींना रंग दिले आहेत. रूपरावला म्हणावे, रंग बघून जोड. आणि एक सांगा भाऊजी, एवढा खटाटोप कशाला? घंटी ऐकू येत नाही म्हणून कंडक्टरला जोरात ओढायला सांगणे सोपे नव्हते का?

गुलाब

---

जाम
२१ जुलै १९५७

चि. गुलाब,

पेटी लावली. पयल्या दिवशी धूर निघाला. रूपरावनं लाल वायर लाल बल्बाले जोडली. तो म्हणे लालले लालच जोडावं ना. दुसरी वायर टाकली तवा चालू झालं.

आता ऐक. समुद्रपूरच्या पुढं सारी गिट्टी उखडली हाये. खड्ड्यात चाक गेलं का लागलेला लाल दिवा विझून जाते. केशवनं लाल लावला, मी पाह्यच्या आंधी खड्डा आला, दिवा गायब. त्याले वाटलं मी थांबतो, मले वाटलं काईच नाई. दोन खेपा असं झालं. असा दिवा काय कामाचा?

दुसरं, एक तिसरा दिवा पायजे. मांगून ट्रकनं हारन देला का तो लागला पायजे. नागपूर रोडवर ट्रक लय वाढले.

घंटीबद्दल तू इचारलं. घंटी काढून टाकली.

प्रेमदास

---

वर्धा
२८ जुलै १९५७

आदरणीय भाऊजींस,

तुमचे पत्र वाचून मी अर्धा तास बाहेर फिरून आलो, मग लिहायला बसलो. मोठ्या माणसाशी कसे बोलावे हे मला आईने शिकवले आहे. तेवढ्यासाठीच फिरलो.

खड्ड्यांची तक्रार खरी आहे. चूक माझी. आमचा मूळ नियमच मी विसरलो. रेल्वेत तार तुटली, बॅटरी गेली, काहीही बिघडले तर सिग्नल लाल पडतो. बिघाडात हिरवा कधीच राहत नाही. तुमच्या पेटीत मी उलटे केले होते. आता नवी पेटी केली आहे, तिच्यात रिलेला वीज असेल तोवरच हिरवा राहील. केशवने बटण दाबले, वायर निघाली, खड्ड्याने पत्ती सुटली, काहीही झाले तरी लाल. आणि लाल बल्बच गेला तर हिरवाही नाही. हिरवा डोळ्याने दिसला तरच गाडी हलवायची, हे पाठ करा. पत्तीची स्प्रिंग बदलली आहे, पेटीखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावा.

पण हॉर्नचा दिवा? भाऊजी, बल्बला कान असतात का? मागच्या ट्रकचा हॉर्न बल्बला कसा कळेल? टेलिफोनमध्ये आपण जिच्यात बोलतो ती कार्बनची डबी मागे लावली तरी तिला तुमच्याच मोटरचा खडखडाट आधी ऐकू येईल आणि दिवा हिंगणघाटपासून गिरडपर्यंत लागलेलाच राहील. त्यासाठी देवाने, म्हणजे निसर्गाने, माणसाला दोन कान दिले आहेत, आणि मोटरवाल्याने एक आरसा. तो आरसा वापरा!

आणि घंटी का काढली? राहू द्या म्हटले होते ना?

मला वाटते हे काम पत्राने होणारे नाही. पुढच्या रविवारी मी स्वतःच येतो. एक फेरी तुमच्या शेजारी बसून करतो, सगळे जोडून देतो.

गुलाब

---

जाम
१ ऑगस्ट १९५७

चि. गुलाब,

तू येऊ नोको. रविवारी मी नसतो. पुढच्या रविवारीबी नाई. पेटी फक्त पाठवून दे. मोटरमंधी तर बसूच नोको, मालकाले चालत नाई.

प्रेमदास

---

वर्धा
२४ ऑगस्ट १९५७

भाऊजींस जयभीम.

पेटी पाठवून पंधरा दिवस झाले. पोचली की नाही तेही कळवले नाही. आज केशव कंडक्टर वर्ध्याला सामानासाठी आला होता, तो स्टेशनवर भेटला. म्हणाला, पेटी लागली, पण आता प्रत्येक खड्ड्याला लाल पडतो आणि तुम्ही प्रत्येक खड्ड्याला मोटर थांबवता. पॅसेंजर शिव्या देतात. मी म्हटले, भाऊजींना दिसत नाही का की तू बटण दाबलेच नाहीस? वळून विचारायचे. तर केशव जमिनीकडे बघायला लागला आणि चहा न पिताच निघून गेला.

मी माझ्या संध्याकाळी तुमच्या पेटीला दिल्या. बोटांची सालटी निघाली. बदल्यात काही मागितले नाही. पण सख्ख्या साळ्याने घरी येऊ नये, मोटरमध्ये बसू नये, असे तुम्ही लिहिता. रेल्वेत मी साधा फिटर आहे, तुमच्या मालकासमोर मला मेहुणा म्हणायला लाज वाटत असेल तर तसे सांगा. वाईट वाटेल, पण समजेल तरी.

ताईच्या हातचे दोन शब्दही तीन महिन्यांत आले नाहीत.

गुलाब

---

जाम
२९ ऑगस्ट १९५७

चि. गुलाबले मीराबाईचा आशीर्वाद.

माहं अक्षर वाईट हाये, समजून घेजो. हे पत्र मी त्याईले न सांगता लिहून राह्यली. त्याईनं मले शपथ घातली होती, ती मी आज मोडली.

त्याईले ऐकू येत नाई. ताप उतरला तवा उजवा कान गेलता. आता डाव्या कानात तोंड घालून ओरडलं तरच थोडं समजते. ते तुले येऊ देत नाईत ते याच्यापायी. तू शेजारी बसला असता तर तुले पयल्या मैलातच समजलं असतं. लाज तुही नाई रे, त्याईले सोताची लाज वाटते.

मे महिन्यात गिरडच्या स्टँडवर सीताबाई नावाची म्हातारी उतरून राह्यली होती. तिचा पदर दारात अटकला. केशवनं घंटी वाजवली, ओरडला, साऱ्या मोटरनं ओरडा केला. त्याईनं सारे उतरले असं समजून मोटर सोडली. म्हातारी पंधरा-वीस पावलं फरफटत गेली. समोरून एक माणूस हात हलवत धावला तवा मोटर थांबली. गुडघे फुटले, हात मोडला. जगली. लोकं म्हणाले ड्रायव्हर मगरूर हाये. त्याईनं मान खाली घालून ऐकून घेतलं, म्हणजे पाहून घेतलं. त्या दिवसापासून जेवण नीट नाई. मंग तुले ते दिव्याचं पत्र लिहिलं.

तू रागावू नोको. पण काई कर.

मीरा

---

वर्धा
२ सप्टेंबर १९५७

आदरणीय भाऊजी,

ताईवर रागावू नका. तिने लिहिले म्हणून मी माणसात राहिलो, नाहीतर तुम्हाला किती घालूनपाडून बोललो होतो! बल्बला कान असतात का, असे मीच लिहिले होते. ते आठवले की जीभ चावावीशी वाटते. त्याची माफी मागतो.

पण पुढचे मी माफी मागून लिहिणार नाही. मोटर थांबवा. आजपासून. मी तुम्हाला आणखी एकही वायर देणार नाही.

माझी पेटी केशवचे बटण तुमच्या डोळ्यापर्यंत आणते, त्याहून काही नाही. ट्रकचा हॉर्न, रस्त्यावरच्या बाईची हाक, इंजिनचा बदललेला आवाज, यातले काहीच ती आणत नाही. त्या पेटीतले काहीही तुटले तरी लाल पडेल असे मी केले आहे. सगळ्या मोटरमध्ये एकच गोष्ट अशी आहे की ती तुटली तरी लाल पडत नाही, ती म्हणजे तुमचे कान. मला हे माहीत नव्हते तोवर मी फक्त फिटर होतो. आता माहीत आहे. उद्या दुसरी सीताबाई फरफटली तर त्यात माझाही हात राहील.

रजा टाका. नागपूरला मोठ्या दवाखान्यात कानाचा डॉक्टर आहे. मी बरोबर येतो.

आपला,
गुलाब

---

जाम
७ सप्टेंबर १९५७

गुलाब,

शहाणपण शिकवू नोको. मी एकोणीस वर्षं स्टेअरिंगवर हावो. लढाईत बर्माच्या चिखलात ट्रक चालवले, तवा तू पाटी घेऊन शाळेत जात होता. कान गेले, हात-पाय-डोळे हायेत ना? मी दर दोन मिनिटाले आरसा पाहतो. पयल्यापेक्षा हळू चालवतो. ऐकू येणारे ड्रायव्हर दारू पिऊन चालवतात, त्याईले कोण पत्र लिहिते?

परवा लाल लागला. मी थांबलो. मांगचं दार उघडं राह्यलं होतं आन् एक बाई लेकरू घेऊन पायरीवर होती. तुह्या पेटीनं वाचवलं. आन् तूच म्हणते काढून टाक!

मोटर सोडली तर मी काय करू, हे सांग. आमच्या वस्तीत पयला लायसनवाला मी. लोकं मले ड्रायव्हरसाहेब म्हणतात. उद्या काय म्हणतील?

नागपूरले मी जाऊन आलो. डॉक्टरनं लिहून देलं, हे परत येत नाई.

प्रेमदास

---

वर्धा
१६ सप्टेंबर १९५७

आदरणीय भाऊजींस जयभीम.

मोटर सोडली तर काय करू, असे तुम्ही विचारले होते. म्हणून मी एक गोष्ट केली, ती लपवणार नाही. दहा तारखेला मी तुमचे मालक वासुदेवराव यांना पत्र लिहिले. वाटले, कळले तर ते तुम्हाला गाडीवरून उतरवून डेपोत काही काम देतील. तुमच्यामागे लिहिले, हा माझा दोष. मला चपलेने मारायचे असेल तर मी येतो.

त्यांचे उत्तर आज आले. जसेच्या तसे उतरवतो.

"आपले पत्र मिळाले. प्रेमदास यांच्या श्रवणदोषाची कल्पना आम्हांस एप्रिलपासूनच आहे. गाडी वेळेवर जाते, तक्रार नाही. दिव्यांची योजना उत्तम वाटते. आमच्या अन्य दोन गाड्यांसाठीही अशाच पेट्या कराव्यात. सदर विषयी बाहेर वाच्यता करू नये, हे उभयतांच्या हिताचे."

एप्रिलपासून, भाऊजी! सीताबाईचा अपघात मे महिन्यातला.

मी हे पत्र चार वेळा वाचले. तुमच्यावर एवढे दिवस चिडलो, पण त्यात माया होती. या माणसावरच्या रागात मायेचा कणही नाही. तुम्ही रात्रंदिवस जीव टांगून दिवे मागत होता, आणि तो म्हणतो तक्रार नाही.

आता तुम्हीच ठरवा. मी आणखी कोणालाही लिहिणार नाही.

गुलाब

---

जाम
२३ सप्टेंबर १९५७

चि. गुलाब यास जयभीम.

पत्र भेटलं त्या दिवशी तू समोर असता तर एखादी ठेवून देली असती. मंग मालकाचं लिहिलेलं वाचलं. मीराले वाचायले देलं. ती माह्या पायताणाकडं पाहत राह्यली. मी पायताण घातलं आन् मालकाच्या हापिसात गेलो.

त्यानं कागद ओढला आन् लिहिलं, "बस. चहा घे." म्हणजे मले ऐकू येत नाई हे त्याले इतकं पक्कं ठाऊक होतं का त्यानं तोंड उघडाची तसदीबी घेतली नाई. पाच महिने तो माह्यासंगं तोंडानं बोलत होता, मी होटाकडं पाहून मान हलवत होतो. दोघंबी नाटक करत होतो, आन् मले वाटे का मी एकटाच करतो.

मी इचारलं, "म्हातारी फरफटली तवाबी तुमाले ठाऊक होतं?"

त्यानं मान हलवली. कागदावर लिहिलं, "तू जुना माणूस. सांभाळून घेतलं."

गुलाब, मले वाटलं होतं का माह्यावर कोणी दया केली तर मले आनंद होईल. नाई झाला. त्यानं मले सांभाळलं नाई. त्याले नवा ड्रायव्हर पाह्याचा कंटाळा होता. मी निदान म्हातारीच्या घरी जाऊन आलतो, तिच्या मोडक्या हातापाशी बसलो होतो. यानं तिचं नाव तरी इचारलं असतं!

मी चावी टेबलावर ठेवली. तो काईतरी बोलला. मी होटाकडं पाह्यलंच नाई.

बाहेर केशव उभा होता. त्याले म्हटलं, आजची फेरी दुसरा कोणी नेत नाई तोवर मोटर हलू देऊ नोको. तो रडत होता का हासत होता, काई समजलं नाई.

तुह्यावरचा राग अजून पुरा गेला नाई. पण येजो. या रविवारी मी घरीच हावो.

प्रेमदास

---

वर्धा
२१ ऑक्टोबर १९५७

आदरणीय भाऊजींस जयभीम.

तुमच्याकडून येऊन तीन आठवडे झाले. रूपरावच्या दुकानात वायरिंग शिकायला बसतो म्हणालात, त्याचे काय झाले? पाटीवर लिहून बोलताना तुम्ही मला जेवढे प्रश्न विचारले तेवढे आमच्या इन्स्पेक्टरने सात वर्षांत विचारले नाहीत. आणखी दोन रिले आणि तारेचे रीळ पाठवतो आहे. घाई करू नका. फेरे चुकले तर पहिल्यापासून भरा. मीही तेच केले.

ताई कशी आहे?

गुलाब

---

जाम
१२ डिसेंबर १९५७

चि. गुलाब यास प्रेमदासचा जयभीम.

मीरा बरी हाये. आता ती पाटीवर इतकं लिहिते का तिचं अक्षर माह्याहून चांगलं झालं. वस्तीतले काई लोकं अजून ड्रायव्हरसाहेब म्हणतात, काई म्हणत नाईत. पयल्या महिन्यात हिंगणघाटची मोटर चौकातून गेली का मी दुकानाच्या मांगं जाऊन उभा राहत होतो. आता समोर बसून पाहतो. नवा ड्रायव्हर ब्रेक लय दाबते.

तुह्या नकाशात चूक हाये. हिरव्या दिव्याची वायर तू जिथून घेतली, तिथून घेतली तर लाल बल्ब फुटल्यावरबी हिरवा राहते. तू तर लिहिलं होतं का राहत नाई. मी बल्ब काढून पाह्यला, राह्यला. रूपराव म्हणे, रेल्वेवाल्याचं चुकत नसते, तुहंच चुकलं असन. दोन दिवस भांडलो. मंग मी वायर दुसरीकडून घेतली. नवा नकाशा संगं पाठवून राह्यलो, पाहून घेजो. आन् वासुदेवरावच्या मोटरमंधली पेटी तशीच असन, ती मी सोता जाऊन बदलून आलो. केशवनं दार धरलं. मालकाले इचारलं नाई.

काल एका नागपूरच्या ट्रकवर पयली पेटी लावली, पुरी माह्या हातची. त्याच्या मांगं माल उतरवणारे हमाल असतात, त्याईच्यासाठी बटण पायजे होतं. इंजिन चालू, चौकात चार ट्रक, सारेच हारन देत असतील. रूपराव कान पेटीले लावून बसला. रिले धरून राह्यला का नाई, त्याले काई ऐकू येईना. हातवारे करून इचारे, झालं का, झालं का?

मी पत्तीवर बोट ठेवलं. टक्कन बोटाले लागली. मी त्याले म्हटलं, झालं.

प्रेमदास